‘सांगत्ये ऐका’ आणि घेतलेल्या नावाचे व्याकरण

मराठीत ‘नाव’ ह्या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे एकदा वेगळी काढून पाहावीत. नाव ठेवतात ते वडीलधारे. ज्याचे ठेवतात तो पाळण्यात असतो. नाव लावतो ते आपण, परंतु लावतो ते बापाचे, नवऱ्याचे किंवा गावाचे. नाव घेतो ते दुसऱ्याचे : उखाण्यात नवऱ्याचे, संकटात देवाचे. नाव काढतो ते कुळाचे. अनेकवचनी ‘नावे ठेवणे’ म्हटले की दोष काढणे झाले आणि ‘नाव टाकणे’ म्हटले की संबंध तोडणे झाले. ‘नाव कमावणे’ येथे कर्ता स्वतः असतो खरा, पण तेथे नाव म्हणजे कीर्ती. ज्या अक्षरांनी आपणांस हाक मारतात ती अक्षरे नव्हेत. ज्याचे नाव तोच कर्ता आणि त्याचेच नाव हे कर्म, अशी रचना शोधू गेल्यास चटकन एकच सुचते, ती ‘नाव बदलणे’ ही. आणि तीही पैजेच्या भाषेत. ‘हे करून दाखवले नाही, तर नाव बदलून ठेवीन,’ असे आपण म्हणतो. म्हणजे भाषेच्या लेखी नाव बदलणे ही अपयशाची शिक्षा आहे. यश मिळविण्यासाठीच ज्यांनी नाव बदलले, त्यांचा विचार ह्या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

विषय सुचला तो एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. ती दिंडोशीस राहते. तिच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव आहे, आधारपत्रावर सासरचे. प्रबंधावर ह्या दोहोंपैकी एकही नको. केवळ स्वतःचे आणि आईचे नाव घालता येईल काय, असे तिने विचारले. नियम पाहून सांगतो, एवढेच मी त्या वेळी म्हणालो. (महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचे ठरविले आहे, परंतु तेथेही वडिलांचे नाव व आडनाव आईच्या नावामागोमाग उभेच आहेत.) पुढे एका चर्चासत्रात तिनेच हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ ह्या आत्मकथनावर निबंध वाचला. आपले ध्येय गाठण्यासाठी एका स्त्रीने नवी ओळख निवडली आणि ती साधनासारखी वापरली, असा त्याचा मथितार्थ होता. निबंध चांगला होता. तथापि त्यातील ‘निवडली’ आणि ‘वापरली’ ह्या दोन क्रियापदांचा कर्ता कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून छळीत आहे. अलीकडे आपल्या समीक्षेत ‘स्व-निर्मिती’, ‘ओळखीची निवड’ हे शब्द फार सैलपणे वापरले जातात; त्यांचे व्याकरण कोणी तपासत नाही.

दिंडोशीच्या शेजारी गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, आणि रूळ ओलांडून मालाडच्या पश्चिमेस गेले की जेथे एके काळी बाँबे टॉकीज ही संस्था होती तो भाग लागतो. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये ही संस्था उभारली. शिकलेल्या, प्रतिष्ठित घरांतील तरुणतरुणींनी चित्रपटात यावे, ही संस्थेची आकांक्षा होती. आणि नेमक्या ह्याच आकांक्षेमुळे तेथे नावांचा प्रश्न उत्पन्न झाला. ज्याला प्रतिष्ठा नाही त्याचे नाव झाकावे लागत नाही. ज्या घराला प्रतिष्ठा आहे त्या घरचे नाव पडद्यावर येताच ते घर अस्वस्थ होते.

संस्थेच्या ‘जवानी की हवा’ (१९३५) ह्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी खुर्शीद होमजी आणि त्यांची बहीण माणेक ह्या दोन पारशी भगिनींच्या सहभागावरून त्यांच्या समाजात निषेध उठला. खुर्शीद सरस्वतीदेवी झाल्या, माणेक चंद्रप्रभा झाल्या. सरस्वतीदेवींनी पुढे संगीतदिग्दर्शक म्हणून जे कार्य केले ते ह्याच नावाने. पुढच्याच वर्षी ‘जीवन नैया’ (१९३६) साठी ऐनवेळी नायक हवा होता म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुमुदलाल गांगुलींना उभे करण्यात आले. त्यांचे नाव अशोककुमार ठेवले गेले. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचे चिरंजीव यूसुफ खान ‘ज्वार भाटा’ (१९४४) मध्ये दिलीपकुमार झाले. हे नाव देविकाराणींनी सुचविले. धर्माचा प्रश्न त्यात होताच. परंतु चित्रपटाचा तिटकारा असलेल्या वडिलांच्या धाकाचाही भाग त्यात मोठा होता.

ह्या तिन्ही प्रसंगी क्रियापद ‘नाव ठेवणे’ हे आहे, आणि ठेवणारी आहे संस्था. पाळणा तेवढा मालाडचा. अर्थात लाभ नाव धारण करणाऱ्यांसही झाला, तो कोण नाकारील? पण त्या लाभाआधी एक दुसरा लाभ पदरात पडला होता : गांगुली, होमजी आणि खान ही घराणी पडद्याच्या बाहेर सुरक्षित राहिली. घेतलेल्या नावाचा पहिला लाभार्थी पुष्कळदा ते नाव घेणारा नसतो. टाकलेल्या नावाचा धनी असतो.

येथे ‘कुमार’ ह्या पदाकडे थोडे लक्ष द्यावे. ‘कुमार’ म्हणजे मुलगा, राजपुत्र, अविवाहित तरुण. त्यातून जात कळत नाही, प्रांत कळत नाही, गाव तर नाहीच. आडनावाच्या जागी बसून आडनावाचे काम न करणारे असे ते पद आहे. लक्षावधी प्रेक्षकांना जो आपला वाटावा त्याचे गाव कळून चालत नाही. पुढे गंमत अशी झाली की अशोककुमारांचे धाकटे भाऊ आभासकुमार हे किशोरकुमार झाले आणि किशोरकुमारांचे चिरंजीव अमितकुमार ह्याच नावाने गाऊ लागले. म्हणजे गाव-जात पुसण्यासाठी घेतलेले पद दुसऱ्या पिढीत कुळाचे चिन्ह होऊन बसले. आडनाव कितीही हाकलले तरी मागल्या दाराने परत येते.

मराठीत मात्र ‘कुमार’ फारसा रुजला नाही. आपल्याकडे नटनटींना आडनाव लागले, आणि मराठीने ते पुरविले ‘-कर’ ह्या प्रत्ययाच्या द्वारा. ‘खरे’, ‘दामले’ म्हटले की ऐकणारा जात सांगतो. ‘चिटणीस’ म्हटले की हुद्दा आणि त्यामागोमाग जातही सांगतो. ‘-कर’ मात्र गाव सांगतो आणि जात झाकतो. एका गावात अठरापगड जातींचे लोक नांदतात, म्हणून एकच ‘-कर’ अनेक जातींत आढळतो. शिवाय ही आडनावे इतकी सामान्य आहेत की बनावट आडनाव बनावट म्हणून ओळखू येत नाही. हिंदी पडद्यावर जे काम ‘कुमार’ने रिकामा राहून केले, तेच मराठीत ‘-कर’ने भरलेला दिसून केले.

हे लक्षात घेऊन मराठी बोलपटातील तीन स्त्रियांची नावे शेजारी शेजारी ठेवून पाहू. तिघींनी आत्मचरित्रे मागे ठेवली आहेत, ही आपली सोय.

दुर्गा खोटे ह्या लाडांच्या कन्या, खोट्यांच्या सून. दोन्ही घरे मुंबईतील प्रतिष्ठितांची. आर्थिक गरजेपोटी त्या १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ ह्या चित्रपटात आल्या तेव्हा गहजब झाला. तरीही १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ मधील तारामती दुर्गा खोटे ह्याच नावाने पडद्यावर आली. लीला चिटणीस ह्या माहेरच्या नगरकर. पतीपासून विभक्त झाल्यावरही चिटणीस हेच नाव त्यांनी चालविले आणि मालाडच्याच बाँबे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९) मधून त्या देशभर माहीत झाल्या. आणि तिसरी रतन साळगावकर. वडिलांच्या घराण्यात कलावंतिणींची परंपरा; बाप व्यसनी; घर चालविण्याचा भार कोवळ्या वयात अंगावर. १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ पासून ती हंसा वाडकर झाली. तेव्हा तिचे वय तेराच्या आसपास होते. तीही १९३९ मध्ये मालाडला होती, ‘नवजीवन’ ची नायिका म्हणून. (मीनाक्षी शिरोडकर ह्याही मूळच्या रतन, रतन पेडणेकर, ‘रतन’ हे नाव दोन्ही ठिकाणी टाकले जाऊन संस्कृत वळणाचे नाव आले, हा केवळ योगायोग नसावा असे मला वाटते.)

साळगावकरचे वाडकर झाले. ‘-कर’ जाऊन ‘-कर’ आला. भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास बदल जवळजवळ शून्य आहे : गाव तेवढे बदलले. आणि म्हणूनच तो परिणामकारक आहे. हंसा वाडकर हे नाव कोणा सुखवस्तू घरातील मुलीचे असू शकते. ते निवडलेले दिसत नाही. ज्या दोघींच्या नावांना प्रतिष्ठा होती त्यांनी ती नावे पणाला लावली. जिच्या नावाला ती नव्हती तिला दुसरे देण्यात आले. तेरा वर्षांच्या मुलीने ध्येयासाठी ओळख निवडली असे म्हणणे म्हणजे घरच्या माणसांच्या गरजेला तिचे ध्येय म्हणणे होय. माझ्या विद्यार्थिनीच्या निबंधातील ‘निवडली’ हे क्रियापद येथे कोसळते.

मग नाव खरोखर निवडणारी कोणी मराठी स्त्री आहे की नाही? आहे, पण ती पडद्यावर नव्हे, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सापडते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि विभावरी शिरूरकर कोण, ह्या शोधाने महाराष्ट्र काही काळ वेडावला. शिकलेल्या अविवाहित तरुणींच्या मनातील गोष्टी इतक्या उघडपणे लिहिणारी ही व्यक्ती बाई आहे की बुवा, इथपर्यंत तर्क गेले. त्या होत्या बाळूताई खरे, स्त्रीशिक्षणसंस्थेत वाढलेल्या आणि शिकविणाऱ्या. स्वतःच्या नावाने लिहित्या तर कथांतील प्रत्येक मुलगी लोकांनी आसपासच्या कोणत्या तरी मुलीशी जुळविली असती, आणि शिक्षिकेची नोकरीही धोक्यात आली असती.

ह्या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. आपल्या पुरुष कवींची टोपणनावे आपण टोपणनाव आहोत हे मिरवतात. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज : तिन्ही तत्पुरुष समास, तिन्ही नात्यावर बेतलेले, आणि तिन्हींत आडनाव गाळलेले. कोणी कृष्णाजी केशव दामले आपणांस ‘केशवाचा पुत्र’ म्हणवितो तेव्हा तो काही लपवीत नाही. तो एक वस्त्र पांघरतो आणि वस्त्र पांघरले आहे हे सर्वांना दिसते. ‘विभावरी शिरूरकर’ हे तसे नाही. ते पूर्ण नागरी नाव आहे : स्वतःचे नाव, त्यापुढे ‘-कर’. शाळेच्या हजेरीपटावर ते खपून जाईल. ‘खरे’ हे जात सांगणारे आडनाव टाकून गाव सांगणारे आडनाव घेतले गेले, आणि रात्र असा अर्थ असलेले पहिले नाव. (खरे आडनावाच्या बाईंनी खोटे नाव घ्यावे आणि खोटे आडनावाच्या बाईंनी खरे नाव चालवावे, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील श्लेष कोणी मुद्दाम रचलेला नाही.)

त्यांनी पुरुषाचे नाव का घेतले नाही, असेही विचारले जाते. ह्याचे एक उत्तर व्याकरणात आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग वाक्यातून कळत नाही, म्हणून तेथे स्त्रीला पुरुषाच्या नावामागे बसून प्रथमपुरुषी लिहिता येते. मराठीत ‘मी गेले’ म्हटले की बाई, ‘मी गेलो’ म्हटले की बुवा. मराठी क्रियापद पावलोपावली लेखकाला उघडे पाडते. स्त्रीच्या अनुभवाचे स्त्रीच्या तोंडून निवेदन करावयाचे, तर नाव बाईचेच असले पाहिजे. लपावयाचे तर दुसऱ्या बाईमागे.

आणि येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाळूताई खरे हे नाव जन्मघराचे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. ते नाव सासरच्या रिवाजाचे. तिन्ही नावांत त्यांनी स्वतः घडविलेले नाव एकच, ते विभावरी शिरूरकर. ज्याला आपण टोपणनाव म्हणतो तेच तेवढे त्यांचे स्वतःचे होते. ही व्यक्ती कोण हे जगजाहीर झाल्यावरही त्यांनी ‘बळी’ (१९५०) ह्याच नावाने लिहिली. इतकेच काय, स्वतःच्या वडिलांवर लिहिलेले ‘खरेमास्तर’ (१९५३) हे पुस्तकही विभावरी शिरूरकर ह्याच नावाने आले. मुलगी वडिलांविषयी लिहिते आणि मुखपृष्ठावर दोघांची आडनावे जुळत नाहीत! लपण्याचे प्रयोजन तेव्हा कधीच संपले होते. उरले होते ते लेखिकेचे नाव.

ह्या बाजूने पाहिल्यावर पुन्हा ‘सांगत्ये ऐका’ कडे यावे. हंसा वाडकरांनी सांगितलेले आणि अरुण साधूंनी शब्दबद्ध केलेले हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. शीर्षक १९५९ च्या अनंत माने यांच्या चित्रपटावरून घेतलेले. तो पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ चालला होता, आणि त्यात हंसाबाईंची भूमिका होती. म्हणजे स्वतःचे आयुष्य सांगावयास बसलेल्या ह्या स्त्रीला पुस्तकाचे नावसुद्धा एका भूमिकेकडून मिळाले. हे तिचे दुर्दैव म्हणून सांगितले जाते. मला तसे वाटत नाही.

तिघींच्या शीर्षकांची तुलना करू. दुर्गाबाईंचे ‘मी दुर्गा खोटे’ (१९८२) : सर्वनाम, नाव, आडनाव, क्रियापदाची गरजच नाही, कारण नाव उच्चारताच वाक्य पुरे होते. लीलाबाईंचे ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१) : अधिकरणाचे रूप, आपण कोठे होतो ते सांगितले, कोण होतो ते वाचकांस ठाऊकच आहे. हंसाबाईंच्या शीर्षकात नाव नाही, ‘मी’ नाही, स्थळ नाही. केवळ दोन क्रियापदे आहेत.

त्यांतील पहिले बारकाईने पाहावे. ‘सांगत्ये’ हे ‘सांगते’चे बोलीतील रूप. वर्तमानकाळी ‘मी सांगते’ आणि ‘ती सांगते’ ह्यांत क्रियापदाचे रूप एकच असते. तेव्हा प्रत्ययावरून लिंग कळते, पुरुष कळत नाही. बोलणारी बाई आहे हे निश्चित. ती ‘मी’ आहे की ‘ती’ आहे हे एकट्या क्रियापदाला ठाऊक नाही. ते ठरते पुढच्या ‘ऐका’ ह्या आज्ञार्थामुळे, म्हणजे समोर कोणी तरी ऐकणारा उभा केल्यामुळे. चौतीस वर्षे जिचे नाव दुसऱ्यांनी ठेवले, जाहिरातींवर छापले, ज्याच्या बळावर दुसऱ्यांची घरे चालली, तिच्या बाबतीत ‘मी’ आणि ‘ती’ ह्यांच्यातील हा संदेह केवळ वैयाकरणाचा राहत नाही. ‘हंसा वाडकर’ ही तिची तृतीयपुरुषी संज्ञा होती. ती प्रथमपुरुषी होते ती सांगण्याच्या क्रियेत आणि तेवढ्या वेळेपुरती.

पुस्तकाच्या आत ह्याचा पडताळा येतो. प्रसिद्धी मिळविलेल्या ह्या स्त्रीला हवे होते ते घर. आणि तेच घर तिच्या मिळकतीवर उभे असल्यामुळे तिला ते मिळू शकत नव्हते. जगन्नाथ बंदरकरांशी झालेला विवाह, त्यातील कुतरओढ, दारू, घर सोडून जाणे, हे सारे ती आडपडदा न ठेवता सांगते. मराठवाड्यातील एका खेड्यात परक्या घरात अडकून पडल्याचा भाग ह्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा आहे. तेथे ‘हंसा वाडकर’ ह्या नावाचा काही उपयोग होत नाही. पडदानशीन घरात नटीचे नाव चालत नाही. घेतलेली ओळख जेथवर बाजार पोहोचतो तेथवरच पोहोचते, हे इतक्या कठोरपणे दाखविणारा भाग आपल्या आत्मचरित्रांत विरळा. विद्यार्थिनीच्या निबंधातील दुसरे क्रियापद, ‘वापरली’, येथे अडखळते.

एक आक्षेप घेता येईल. हे निवेदन अरुण साधूंच्या लेखणीतून उतरले आहे. तेव्हा ‘सांगत्ये’ मधील कर्तृत्व तरी तिचे कसे मानावे? आक्षेपात तथ्य आहे. पत्रकाराने ऐकले, निवडले, क्रम लावला. मात्र शब्दांकन करणाऱ्याने स्वतःच्या पुल्लिंगी ‘मी’ला निवेदनात कोठेही शिरकाव दिला नाही, आणि मराठीत हे साधणे म्हणजे प्रत्येक वाक्यागणिक दुसऱ्याचे लिंग जपणे आहे. विभावरी शिरूरकरांनी व्याकरणाच्या ज्या सक्तीमुळे बाईचे नाव घेतले, त्याच सक्तीने येथे हंसाबाईंचा आवाज राखला. मी तरी हे पुस्तक तिचे मानतो, आणि विद्यापीठांनी ते केवळ ‘चित्रपटविषयक वाङ्मय’ म्हणून बाजूला ठेवू नये असे म्हणतो.

१९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी ह्या पुस्तकावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यातील स्मिता पाटील यांची नायिका घरी उषा असते आणि पडद्यावर उर्वशी. रतन आणि हंसा ही दोन्ही नावे तेथे पुन्हा एकदा बदलली गेली, आणि ह्या वेळी नाव ठेवणारे वेगळे होते.